काँक्रीट, कडुनिंब आणि इंग्रजीचा तास : पहिला शोधनिबंध कसा करावा, कुठे पाठवावा

‘आदरणीय संशोधक, आपला शोधनिबंध आमच्या आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय नियतकालिकात अवघ्या तीन दिवसांत प्रसिद्ध करा’ असा मेल ज्याला आला नाही, असा एमटेक किंवा पीएचडीचा विद्यार्थी आज सापडणं कठीण. सोबत प्रमाणपत्राचा नमुना, पैसे भरायला क्यूआर कोड आणि ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (नियतकालिकातल्या निबंधांचा संदर्भ इतरांनी सरासरी किती वेळा घेतला, याचं माप) म्हणून छापलेला कसलासा आकडा असतो. त्यांचा जुना अंक उघडून पाहा. पहिला लेख उसाच्या चिपाडाच्या राखेच्या काँक्रीटवर, दुसरा कडुनिंबाच्या अर्काने मरणाऱ्या जिवाणूंवर, तिसरा मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजी शब्द कसे शिकवावेत यावर. तिन्ही विषय चांगले आहेत. पण हे तिन्ही लेख तपासले कोणी?

पहिल्यांदा संशोधन करणारा एमटेकचा, एमएस्सीचा विद्यार्थी किंवा वर्गात काही करून पाहणारा शिक्षक यांच्यासाठी हा लेख आहे. वरची तीन उदाहरणंच शेवटपर्यंत वापरतो, कारण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत हेच विषय दरवर्षी फिरून फिरून येतात. निबंध चांगल्या ठिकाणी छापून येईल की नाही, हे बरंचसं प्रयोगाच्या आधीच ठरतं. त्यामुळे सुरुवात तिथून.

पायरी १ : प्रश्न एका वाक्यात, आणि वाचणारा कोण?

‘चिपाडाच्या राखेचा काँक्रीटवरील परिणाम : एक अभ्यास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा : सिमेंटच्या वजनाच्या दहा टक्के राख घातली तर एम-२५ (२८ दिवसांनी २५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद अपेक्षित असलेल्या) काँक्रीटची २८ दिवसांची ताकद कमी होते का, झालीच तर किती? कडुनिंबाचं तसंच. कडुनिंब जंतुनाशक आहे का, हे विचारण्यात आता हशील नाही. त्यावर ढीगभर लिहून झालं आहे. पाण्यातला अर्क आणि इथेनॉलमधला अर्क यांत फरक किती, किंवा पानं सावलीत वाळवली की उन्हात याने काही बिघडतं का, असं काही विचारा. शिक्षकांनी ‘खेळातून शिक्षण प्रभावी आहे का’ हे सोडून द्यावं आणि ‘शब्दखेळातून शिकवलेले शब्द आठवीच्या मुलांना महिन्याभरानंतर यादीतून पाठ केलेल्या शब्दांपेक्षा जास्त आठवतात का’ असं विचारावं.

प्रश्नाखाली दुसरी ओळ लिहा : हे उत्तर कोणाला हवं आहे? रेडीमिक्स प्लांटवाल्याला, सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकाला की शेजारच्या तालुक्यातल्या इंग्रजीच्या शिक्षकाला? नियतकालिक निवडताना ही ओळच कामाला येईल.

पायरी २ : आधी कोणी काय केलं ते शोधा

गूगल स्कॉलर सगळ्यांना माहीत असतं. भारतीय प्रबंधांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘शोधगंगा’ उघडा. आपल्याच विद्यापीठात पाच वर्षांपूर्वी हाच विषय होऊन गेलेला सापडण्याची शक्यता मोठी असते. बरं, सापडला म्हणून खचू नका. त्यातलं शेवटचं प्रकरण वाचा. पुढे काय करायचं राहिलं, ते तिथे लिहिलेलं असतं.

पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या निबंधांसाठी सरकारी संस्थेतल्यांची आता सोय आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिकं असा तिचा आवाका. आपलं महाविद्यालय त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. नसेल तर सरळ लेखकाला मेल टाका. निबंधावर पत्ता छापलेला असतो, आणि आपलं काम कोणीतरी वाचू पाहतंय म्हटल्यावर लोक बहुधा आनंदाने पाठवतात.

पायरी ३ : ‘तीन वेळा केलं’ म्हणजे नक्की काय केलं?

या पायरीवर थोडं थांबू, कारण निबंध परत येण्याचं मोठं कारण इथे आहे आणि ते तिन्ही शाखांत एकच आहे.

काँक्रीटपासून सुरू करू. भारतीय मानकाप्रमाणे १५० मिलिमीटरचे क्यूब टाकायचे, पाण्यात क्युरिंग करायचं आणि २८ दिवसांनी मशीनवर फोडायचे. तीन क्यूबची सरासरी म्हणजे एक निकाल. एखादा क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त ढळला, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाप्रमाणे तो निकाल धरायचा नाही. समजा, राख घातलेल्या मिक्सचे तीन क्यूब २७.१, २८.० आणि २७.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरला फुटले. सरासरी २७.६. विद्यार्थी लिहितो : नमुने तीन.

पण ते तिन्ही क्यूब एकाच वेळी मिक्सरमधून काढलेल्या मालातून भरलेले होते. त्या मालात पाणी थोडं जास्त पडलं असेल, तर तिन्ही क्यूब सारखेच कमजोर निघणार. त्यांच्यातला फरक क्यूब भरण्या-फोडण्यातला फरक सांगतो; राखेच्या काँक्रीटमध्ये मुळात किती चढउतार असतो, ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी नव्याने माल करा, नव्याने राख चाळा, पुन्हा तीन क्यूब टाका. सरासरी २४.९ आली तर? मग कालचा तो देखणा निकाल किती खरा होता, हे कळतं. म्हणजे तीन वेगळे माल, प्रत्येकाचे तीन क्यूब : क्यूब नऊ झाले, तरी नमुने तीनच. निबंधात तसंच स्वच्छ लिहायचं.

आता कडुनिंब. एकाच पेट्री प्लेटमध्ये तीन खळगे पाडले, तिन्हींत तोच अर्क घातला आणि भोवताली जिवाणू न वाढलेल्या वर्तुळाचा, म्हणजे झोनचा, व्यास तीनदा मोजला. हाही एकच नमुना. वेगळ्या दिवशी, ताज्या कल्चरपासून (वाढवलेल्या जिवाणूंपासून), जमल्यास नव्याने काढलेल्या अर्काने केलं तर दुसरा. वर्गातही हेच. आठवी ‘अ’ला खेळातून शिकवलं, ‘ब’ला यादीतून, प्रत्येकी चाळीस मुलं. मुलं ऐंशी असली तरी वर्ग दोनच आहेत. ‘अ’ला शिकवणाऱ्या बाई उत्साही असतील, ‘ब’चा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असेल, तर गुणांतला फरक खेळाचा की बाईंचा की पेंगुळलेल्या दुपारचा, हे ऐंशी मुलांच्या गुणांवरून ठरवता येत नाही.

स्ट्युअर्ट हर्लबर्ट या पर्यावरणशास्त्रज्ञाने १९८४ मध्ये या चुकीवर सविस्तर निबंध लिहिला आणि तिला ‘स्यूडोरेप्लिकेशन’ (नमुन्यांची खोटी पुनरावृत्ती) असं नाव दिलं. तेव्हापासून चांगला परीक्षक, म्हणजे छापण्याआधी निबंध तपासणारा त्या विषयातला जाणकार, ती पहिल्यांदा शोधतो. तुमच्या तक्त्यात नमुन्यांची संख्या दिसली, की तो विचारतोच : हे क्यूब की माल? खळगे की प्रयोग? मुलं की वर्ग?

वर्गाच्या बाबतीत एक सोपा उपाय आहे, आणि तो फारसं कोणी वापरत नाही याचं मला नवल वाटतं. शब्दांचे दोन समान कठीण संच करा. पहिल्या घटकाला ‘अ’ वर्गात खेळ आणि ‘ब’ वर्गात यादी. दुसऱ्या घटकाला अदलाबदल. शिकवणारी व्यक्ती दोन्हीकडे एकच ठेवा. म्हणजे दोन्ही वर्गांना दोन्ही पद्धती मिळतात, आणि कोणत्याही मुलाचं नुकसान झालं असं पालकांना वाटत नाही. चाचणी लगेच घ्या आणि महिन्याने, न सांगता, पुन्हा घ्या. ही दुसरी चाचणीच महत्त्वाची. शिकवल्या दिवशी सगळ्यांनाच सगळं येतं.

पायरी ४ : तुलनेचा गट नीट ठेवा

कडुनिंबाचा अर्क इथेनॉलमध्ये काढला असेल तर एका खळग्यात नुसतं इथेनॉल घालायलाच हवं, नाहीतर जिवाणू पानांनी मेले की दारूने, हे कळणार नाही. एका ठिकाणी माहितीतलं प्रतिजैविक, एका ठिकाणी नुसतं द्रावक, मग आपला अर्क. जिवाणूंचं प्रमाण ०.५ मॅकफार्लंड या गढूळपणाच्या मानकाशी जुळवून घ्या. पानं कुठल्या झाडाची, कधी तोडली, हे लिहा आणि वनस्पतीची ओळख पटवून घ्या. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे, तिथे नमुना दाखवता येतो. कडुनिंब ओळखायला सर्वेक्षण कशाला, असं वाटेल. पण बकाणनिंबाला कडुनिंब समजणारे कमी नाहीत.

द्रावकाची ही गोष्ट किरकोळ वाटत असेल तर २०१३ चा एक प्रसंग आठवा. ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी दगडफुलासारख्या लायकेनमधल्या रेणूने कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबते, असा एक बनावट निबंध रचला. त्यात मुद्दाम ढोबळ चुका ठेवल्या. एक चूक नेमकी हीच : औषध इथेनॉल असलेल्या द्रावणात विरघळवलेलं, आणि तुलनेच्या पेशींना ते द्रावण दिलेलंच नाही. हा निबंध वेगवेगळी नावं घालून ३०४ मुक्त प्रवेश (वाचकाला पैसे न भरता उघडणाऱ्या) नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यात भारतातून चालणारी नियतकालिकं सर्वाधिक होती.

काँक्रीटमध्ये राख नसलेला मिक्स त्याच दिवशी, त्याच सिमेंटच्या गोणीतून करा. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्याचे आकडे उसने घेऊन तुलना करू नका.

पायरी ५ : परवानग्या

काँक्रीटला कोणाची परवानगी लागत नाही. प्राण्यांवर काही करायचं असेल, तर संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी आधी. ती मागाहून मिळत नाही, आणि तिचा क्रमांक निबंधात लिहावा लागतो. शाळेत काम करताना मुख्याध्यापकांचं पत्र, पालकांची लेखी संमती आणि मुलांचाही होकार घ्या. ‘आमच्याच वर्गात तर करतोय’ ही सबब चांगल्या नियतकालिकात चालत नाही. मुलांची नावं कुठेही येऊ देऊ नका. गुणांच्या तक्त्यात क्रमांक पुरेत.

पायरी ६ : नियतकालिक पारखणं

आता त्या मेलकडे वळू. ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असं कोणी लिहिलं असेल, तर त्याला हा इतिहास ठाऊक नाही किंवा तुम्हाला ठाऊक नसेल असं त्याला वाटतंय. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची जुनी यादी २०१७ ची. विद्यापीठांच्या शिफारशीने त्यात शिरलेल्या आणि कुठल्याच नामांकित सूचीत नसलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दाखवलं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ नावं काढून टाकली. पुढे २०१९ मध्ये ‘यूजीसी-केअर’ यादी आली, तिचंही काम पुण्यातूनच चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली आणि नियतकालिकं पारखण्याची जबाबदारी संस्थांवर आली. म्हणजे आज अशी मान्यतेची यादीच नाही. जुन्या यादीचा शिक्का मिरवणाऱ्यांचं दुकान मात्र चालू आहे.

म्हणून पारख आपली आपण. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाच्या नोंदणीच्या क्रमांकापासून सुरुवात करा. हा आठ अंकी क्रमांक खरा आहे का, हे कागद-पेन्सिलीवर तपासता येतं. ‘करंट सायन्स’चा क्रमांक ००११-३८९१. पहिल्या सात अंकांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं : ० + ० + ६ + ५ + १२ + २४ + १८ = ६५. पासष्टाला ११ ने भागलं की बाकी १०. अकरातून दहा गेले, उरला १. शेवटचा अंक १ आहे, म्हणजे क्रमांक जुळला. (बाकी शून्य आली तर शेवटचा अंक शून्य, वजाबाकी १० आली तर तिथे ‘एक्स’ छापतात.) इथेच जुळलं नाही तर पुढे वाचायची गरज नाही. पण जुळलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. आयएसएसएन ही नुसती नोंद आहे, दर्जाशी तिचा संबंध नाही. वर, आयएसएसएनच्या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून कोणाच्या नावाने नोंदला आहे तेही पाहा. नावाजलेल्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक चोरून हुबेहूब संकेतस्थळ उभारणारे भामटे आहेत.

मग संपादक मंडळ. दोन-तीन नावं घ्या आणि त्यांच्या विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर जाऊन पाहा. ती व्यक्ती आहे का, तिने तिथे हे संपादकत्व लिहिलं आहे का? ‘स्कोपसमध्ये (संशोधन नियतकालिकांच्या एका नामांकित सूचीत) समाविष्ट’ असा दावा असेल तर स्कोपसच्या संकेतस्थळावरच्या स्रोतयादीत शोधा, आणि समावेश थांबवलेल्यांच्या यादीतही. मुक्त प्रवेशवाल्यांसाठी ‘डीओएजे’ (डिरेक्टरी ऑफ ओपन अॅक्सेस जर्नल्स) ही सूची आहे. इम्पॅक्ट फॅक्टर क्लॅरिव्हेट कंपनी ठरवते. त्या शब्दांआधी ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ असलं काही विशेषण लावलेलं दिसलं की समजून जा. डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) दिला असेल तर तो doi च्या अधिकृत पानावर चिकटवून बघा, निबंधच उघडतो ना.

फी घेणं हा आपोआप गुन्हा नव्हे; अनेक चांगली मुक्त नियतकालिकं लेखकांकडून खर्च घेतात, आणि तो भारतीय विद्यार्थ्याला परवडणारा नसतो. रक्कम आधी उघड लिहिली आहे का, निबंध स्वीकारल्यानंतरच मागतात का, हे पाहायचं. फी न घेणारीही पुष्कळ आहेत, मात्र वेळ लागतो. परीक्षणाला काही महिने जाणं स्वाभाविक आहे. तीन दिवसांत होतं ते परीक्षण नसतं.

मोठ्या प्रकाशकाचं नाव असलं की निर्धास्त, असंही नाही. विली कंपनीच्या ताब्यातल्या हिंदावी या प्रकाशनसंस्थेला बनावट परीक्षणामुळे २०२३ या एका वर्षात ८,००० हून अधिक निबंध मागे घ्यावे लागले, आणि ते नावच पुढे बंद केलं गेलं.

सगळ्यात भरवशाची तपासणी मात्र आयुष्यात एकदाच शिकावी लागते : त्या नियतकालिकाचे मागचे चार निबंध पूर्ण वाचा. सिव्हिलवाल्याने सिव्हिलचे वाचावेत. पायरी ३ आणि ४ मधल्या चुका तिथे छापून आलेल्या दिसल्या, तर तिथे कोणी तपासत नाही. आणि पायरी १ मधली दुसरी ओळ काढा. तुमचा वाचक हे नियतकालिक वाचतो का? शब्दखेळाचा प्रयोग करणाऱ्या शिक्षकाला कदाचित इंग्रजी नियतकालिकाची गरजच नसेल. बीएडला शिकलेलं कृतिसंशोधन नीट केलं असेल, तर पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची नवोपक्रम स्पर्धा आहे. भाषेच्या अंगाने लिहायचं तर मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’ आहे.

पायरी ७ : लिहिणं

क्रम उलटा ठेवा. आधी ‘पद्धती’, प्रयोग चालू असतानाच. नंतर तक्ते, मग निष्कर्ष, प्रस्तावना शेवटी. पद्धतीत इतका तपशील हवा की दुसऱ्या गावातला विद्यार्थी तुम्हाला फोन न करता तेच करू शकेल : राख कुठल्या कारखान्याच्या, कोणत्या प्रकारच्या भट्टीतली, कोणत्या चाळणीतून चाळली, पाणी-सिमेंट गुणोत्तर किती. सरासरीशेजारी प्रमाण विचलन द्या आणि नमुने कसे मोजले तेही.

साम्यतेच्या टक्केवारीची (आपला मजकूर आधी छापलेल्याशी किती जुळतो, याच्या आकड्याची) भीती फार पसरली आहे. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; संदर्भसूची, अवतरणचिन्हांतला मजकूर, प्रमाणित समीकरणं ही या मोजणीतून वगळायची असतात. टक्के उतरवण्यासाठी शब्द फिरवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून मजकूर काढू नका. ‘कंप्रेसिव्ह स्ट्रेंग्थ’चं (दाब सोसण्याच्या ताकदीचं) तिथे काय काय होतं ते वाचून परीक्षकांची करमणूक होते, तुमचा निबंध जातो. एआयकडून भाषा सुधारून घेतली असेल तर तसं नमूद करा. त्याला सहलेखक करता येत नाही.

लेखकांच्या नावांवर आपल्याकडे गप्प बसतात, म्हणून लिहितो. ज्यांनी काम केलं, मसुदा वाचला, अंतिम मजकुराला होकार दिला आणि चूक निघाल्यास उत्तर द्यायची तयारी ठेवली, ते लेखक. मशीन वापरू दिलं, विभागप्रमुख आहेत, इतक्यावर आभारात नाव येतं. हे सरांना प्रयोग संपल्यावर सांगणं अवघड जातं. पहिल्या बैठकीतच, वहीत नावांचा क्रम लिहून त्यांची सही घेतली की पुढचा ताण टळतो.

पायरी ८ : पाठवणं आणि उत्तर देणं

एका वेळी एकाच ठिकाणी. परीक्षकांचे शेरे आले की दोन दिवस उत्तर लिहू नका. मग तक्ता करा : डावीकडे त्यांचं वाक्य जसंच्या तसं, मधे तुमचं उत्तर, उजवीकडे बदल कुठल्या पानावर केला. पटलं नाही तर कारण द्या, नम्रपणे आणि आकड्यांसह. ‘नमुने एकाच मालातले आहेत’ असा शेरा आला तर वाद घालू नका. नवा माल करून क्यूब टाका.

प्रबंधाची घाई म्हणून कुठेही छापून टाकणाऱ्यांसाठी : पीएचडीच्या २०२२ च्या यूजीसी नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापलाच पाहिजे ही सक्ती उरलेली नाही. तुमचं विद्यापीठ स्वतःची अट घालू शकतं, म्हणून तिथलं परिपत्रक वाचा.

निबंध अशा दुकानात आधीच पाठवून झाला असेल, तर पैसे भरू नका आणि हक्क सोपवण्याच्या फॉर्मवर सही करू नका. मागे घेत असल्याचा मेल लगेच करा आणि त्याची प्रत गाइडला पाठवा. ‘माघारीचं शुल्क’ मागतील. देऊ नका, फक्त सगळा पत्रव्यवहार जपून ठेवा. लेखी माघार हाती येईपर्यंत निबंध दुसरीकडे पाठवू नका. उत्तरच आलं नाही तर नव्या नियतकालिकाच्या संपादकांना आधी सगळी हकीकत कळवा आणि जपलेले मेल जोडा. आणि छापूनच टाकला असेल, तर तोच मजकूर दुसरीकडे पाठवता येत नाही. तिथे उरतो तो नवा माल, नवे क्यूब आणि नवा निबंध.